चौथा जबाब

भोरच्या एसटी स्थानकाकडून पेठेत शिरणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला भिंत लावून, कुंदा अभ्यंकर यांचे टंकलेखनाचे दुकान होते. दुकान म्हणजे दहा फूट रुंदीची एक खोली. गिरणी सुरू झाली की मधली भिंत थरथरे आणि बाजरीच्या पिठाचा तलम थर सगळ्या वस्तूंवर येऊन बसे. म्हणून कुंदाताईंनी आपल्या दोन्ही संगणकांना जुन्या लुगड्याची झाकणे शिवून घातली होती.

या दोन संगणकांना त्यांनी नावे दिली होती. दाराजवळचा जुना, ज्याला इंटरनेटचा स्पर्शही नव्हता, तो ‘ओसरी’. आतल्या कोपऱ्यातला, ज्यावर लोकांची खरी कामे चालत, तो ‘माजघर’. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याने आणलेला पेन ड्राइव्ह आधी ओसरीवर तपासला जाई आणि शुद्ध ठरला तरच माजघरात जाई. कुंदाताईंचे वडील याज्ञिकी करीत. त्यांच्या सोवळ्याओवळ्यातले काहीही मुलीने स्वतःच्या आयुष्यात ठेवले नव्हते; पण ते सगळे तिने पेन ड्राइव्हच्या बाबतीत मात्र कडकडीत पाळले होते. एक मुख्याध्यापक एकदा वैतागून म्हणाले होते की, ताई, तुम्ही आता ह्याला पाय धुवायलाही सांगाल. त्यावर कुंदाताई शांतपणे म्हणाल्या होत्या की पाय असते तर सांगितलेच असते.

तपासणी झाली की शेवटचा संस्कार उरे. पेन ड्राइव्हवाटे पसरणारे पुष्कळ विषाणू ‘ऑटोरन’ नावाची एक फाईल ड्राइव्हवर नेऊन बसवतात, आणि ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला की तो संगणक भाबडेपणाने ती चालवतो. नव्या यंत्रांनी हा भाबडेपणा टाकला असला, तरी तालुक्यातल्या शाळांतून आणि सोसायट्यांतून जुनी यंत्रे अजून नांदत होती. एकाच नावाच्या दोन वस्तू एका जागी राहू शकत नाहीत, एवढ्या साध्या नियमावर कुंदाताईंचा उपाय उभा होता. त्या प्रत्येक ड्राइव्हवर त्याच नावाचे एक रिकामे फोल्डर आधीच करून ठेवीत. जागा अडलेली असली की येणाऱ्याला बसता येत नाही. काही विषाणू अगदी रिकामे फोल्डर पुसून टाकतात; म्हणून त्या त्याच्या पोटात आणखी एक फोल्डर करीत आणि त्याला नाव देत: ‘कुंदा’. दुसरे कोणतेही नाव चालले असते. आपल्या हातून गेलेली वस्तू पुढे ओळखू यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. गेल्या बारा वर्षांत अशी शेकडो फोल्डरे भोर आणि वेल्ह्याच्या गावोगाव गेली होती, आणि त्यांतल्या एकानेही कधी काही केले नव्हते. काही न करणे हेच त्यांचे काम होते.

फाल्गुन संपत आला असता एका सकाळी रायबा आखाडे दुकानात आले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात खांडमाळ नावाची धनगरांची वस्ती आहे, बावीस घरांची. तिथले हे वडीलधारे. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर घोंगडी, आणि सोबत त्यांची सून रत्ना. रत्नाने कमरेच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक काळा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

“ताई,” रायबा म्हणाले, “ह्यात तिघं हायती. तिघंबी आता न्हाईत.”

मग बसून त्यांनी सारी हकीगत सांगितली. खांडमाळाने राहत्या जागेवर वनहक्काचा दावा केला होता. तीन पिढ्यांचा वहिवाट-पुरावा कागदावर नव्हता, कारण कागद करण्याची त्या लोकांत रीत नव्हती. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब धरले जाणार होते. रायबा स्वतः दावेदार, त्यामुळे त्यांचा जबाब उपयोगाचा नव्हता. एका संस्थेच्या प्रद्युम्न नावाच्या कार्यकर्त्याने तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सर्वांत जुन्या तिघांचे बोलणे मोबाईलवर घेतले होते: रखमाजी, चिमाजी आणि भामाबाई. पुढे तिघेही गेले. प्रद्युम्नचा मोबाईल भाटघर धरणाच्या पाण्यात पडला. उरला तो हा पेन ड्राइव्ह. सुनावणी येत्या नवव्या दिवशी, गुरुवारी, वेल्ह्याला होती. नुसता लिहिलेला जबाब कोणीही लिहू शकतो, तेव्हा समितीला आवाज ऐकायचे होते. आवाज नसेल तर दावा फेटाळला जाणार आणि बावीस घरांना पावसाळ्याआधी माळ कायमचा सोडावा लागणार.

“आन् आता ह्यो उघडंना,” रायबांनी शेवट केला. रत्नाने मान खाली घातली. तिने देवाच्या फोटोची प्रत काढायला ड्राइव्ह एका फोटोवाल्याकडे लावला होता.

कुंदाताईंनी ओसरीवरचे लुगडे काढले. ड्राइव्हवर तीन नावे दिसत होती आणि प्रत्येक नावाच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता. त्यांना हा रोग ठाऊक होता: विषाणू खरे फोल्डर लपवतो आणि त्याच्या जागी त्याच नावाचे खोटे दार उभे करतो. अर्ध्या तासात त्यांनी खोटी दारे पुसली, खरी फोल्डरे उघडी केली आणि रखमाजीचा जबाब सुरू केला. घोगरा, थकलेला आवाज खोलीत आला. मागे वारा होता, एका मेंढीचे खोकणे होते. रत्ना पदराने डोळे पुसू लागली. रायबा मात्र पेन ड्राइव्हकडे पाहत हात जोडून उभे होते.

जबाब टंकून द्यायचे, आवाजाच्या तीन प्रती करायच्या, आणि मूळ ड्राइव्ह सुरक्षित करायचा, असे काम ठरले. नेहमीप्रमाणे कुंदाताईंनी रिकामे फोल्डर केले, त्याच्या पोटात आपल्या नावाचे दुसरे केले, आणि मगच ड्राइव्ह माजघरात नेला.

प्रती करताना पहिला विचित्र प्रकार घडला. प्रत पूर्ण झाली, लांबी बरोबर आली, वारा आला, मेंढी खोकली, दूर कोणी तरी गुरांना हाकलल्यासारखे झाले. पण रखमाजी आला नाही. जिथे त्याचे बोलणे होते तिथे तेवढ्याच लांबीची शांतता होती. कुंदाताईंनी पुन्हा प्रत केली. चिमाजीची केली, भामाबाईची केली. नव्या ड्राइव्हवर केली, शेवटी कोऱ्या तबकडीवर केली. माळ सगळा उतरत होता. माणूस तेवढा उतरत नव्हता.

त्यांनी कारणे शोधली, कारण कारण असतेच यावर त्यांचा विश्वास होता. ध्वनीच्या दोन वाहिन्या उलट-सुलट झाल्या असतील, प्रद्युम्नच्या मोबाईलने काही निराळा प्रकार वापरला असेल. त्यांनी हे सगळे वहीत लिहिले, एकेक तपासून त्यावर काट मारली, आणि मूळ ड्राइव्हच सुनावणीला न्यायचा, असे ठरवले. मग त्या जबाब टंकायला बसल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की रिकाम्या फोल्डरला वजन आले आहे. जिथे शून्य असायला हवे तिथे चार केबी होते. त्यांनी ते उघडले. आत ‘कुंदा’. ते उघडले. आत काही नव्हते. चौथ्या दिवशी आकडा नव्वदवर गेला, पाचव्या दिवशी दोन हजारांच्या पुढे, आणि दोन्ही दिवशी आत काही नव्हते. विषाणू म्हणावा तर ओसरीवरच्या तिन्ही तपासण्यांत ड्राइव्ह स्वच्छ ठरत होता. भरलेल्या माठाला बाहेरून हात लावावा तसा त्यांनी त्या लहानशा काळ्या वस्तूला हात लावला. ती कोमट होती. चालू ड्राइव्ह कोमट असतोच, असे त्यांनी स्वतःला बजावले.

त्याच सकाळी दूधवाला भिमा त्यांच्या दारावरून पुढे निघून गेला होता. वीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. त्यांनी हाक मारली तेव्हा वळून तो जरा वेळ दाराकडे पाहत राहिला आणि मग ओशाळून म्हणाला की ताई, आज कसं काय ध्यानातूनच गेलं. कुंदाताईंनी त्याला अर्धा लिटर जास्त मापायला लावले.

सहाव्या दिवशी त्या भामाबाईचा जबाब शेवटच्या तपासणीसाठी ऐकत होत्या. टंकलेला कागद समोर होता. भामाबाई सांगत होती की लग्न होऊन ती माळावर आली तेव्हा पाण्याला खाली उतरावे लागे. कागद इथे संपत होता. जबाब संपला नाही. वारा चालू राहिला आणि मग भामाबाईने कोणाला तरी विचारले, “तू कवा आलीस गं?”

उत्तर आले. दुसरी बाई होती. शब्द अस्पष्ट होते, जणू ती तोंड फिरवून बसली होती. बोलण्याची ढब माळावरची, खास धनगरी. पण आवाजाची पट्टी, वाक्याच्या शेवटी खाली टेकण्याची लकब, मधला लहानसा खाकरा, हे सारे कुंदाताईंनी आयुष्यभर आतून ऐकले होते. आपला आवाज बाहेरून ऐकताना माणूस सहसा ओळखत नाही. त्यांनी ओळखला.

त्यांनी हेडफोन काढून ठेवले, उठून गिरणीत गेल्या, आणि तिथल्या बाईशी गव्हाच्या भावाविषयी दहा मिनिटे बोलल्या. मग परत येऊन कामाला बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रायबा कागद न्यायला एकटेच आले. कुंदाताईंनी त्यांना चौथ्या आवाजाविषयी काही सांगितले नाही. फक्त विचारले की भामाबाईचे बोलणे घेताना तिथे आणखी कोणी बाई होती का. रायबा म्हणाले की न्हाई, म्हातारी एकलीच व्हती, आम्ही समदे भायेर. मग ते ओसरीच्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, “त्या दिशी तुमी ह्या मोकळ्या डब्यात काय ठेवलं?”

कुंदाताईंनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. रायबा लक्षपूर्वक ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे काही सापडल्याचा आनंद उमटत गेला. आमच्यातबी हेच हाय की, ते म्हणाले. पावसाचे चार महिने मेंढरांना माळ सोसत नाही. वस्ती खाली पूर्वेला, पार शिवऱ्याच्या बाजूला उतरते. तेव्हा घर मोकळे राहते. मोकळ्या चुलीत भलतेच कोणी येऊन बसू नये म्हणून घरची बाई निघताना चुलीवर एक काळा दगड ठेवते आणि त्याला नाव देते. घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव. तो चार महिने जागा राखतो. परत आल्यावर त्याला दूध-भाकर दाखवायची आणि उतरवायचे.

“तुमी नाव कुणाचं दिलं?”

“माझं.”

रायबांचा आनंद मावळला. बाहेर कोणी तरी टेम्पो मागे घेत होता. त्यांनी घोंगडी खांद्यावर नीट घेतली.

“जित्या माणसाचं नाव दगडाला देत न्हाईत, ताई.”

“का?”

“दगुड वाट बघत बसतो.”

कुंदाताई हसल्या, पण ते हसू त्यांच्या स्वतःच्याच मनाला पटले नाही. रायबा पुढे वाकून म्हणाले, “नाव काढा. आत्ताच काढा. आमचं काय व्हायचं ते व्हईल.”

त्यांनी ओसरी सुरू केली. ड्राइव्हवरचे फोल्डर उघडले, आतल्या नावावर बाण नेला आणि ते पुसण्याचा पर्याय दाबला. खरेच पुसायचे का, असे यंत्राने विचारले. त्याच खिडकीच्या मागे तिन्ही जबाबांच्या लांबीचे आकडे दिसत होते. ते उतरू लागले. रखमाजीची अकरा मिनिटे नऊ झाली, सहा झाली. भामाबाई चारवर आली. कुंदाताईंनी ‘नको’ दाबले. आकडे थांबले आणि विहिरीतून पाणी वर यावे तसे हळूहळू आपल्या जागी आले.

हे रायबांनीही पाहिले. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, पण काय उतरले आणि काय परत आले ते त्यांना कळले होते.

“न्हाई तर खालच्या खाली राहू आमी,” ते म्हणाले. “शिवऱ्याला हायवेच्या कडंला लई जण ऱ्हातात पालं टाकून. तुमी कशापायी?”

कुंदाताईंनी ड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. भीती त्यांना वाटत होती. ती त्यांनी नाकारली नाही. पण भीतीपेक्षा मोठा असा एक संताप त्यांच्या मनात उठला होता. बारा वर्षे त्यांनी दारात बसून बिनबोलावलेल्याला आत येऊ दिले नव्हते. आता काही तरी त्यांनाच विचारीत होते, की तू उठतेस की या तिघांना उठवू.

“रायबा,” त्या म्हणाल्या, “हे दुकान माझं आहे. इथे कोणी कुठे बसायचं ते मी ठरवते. गुरुवारी वेल्ह्यात भेटू.”

गुरुवारी त्या सकाळच्या एसटीने निघाल्या, चेलाडीला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत कंडक्टर त्यांच्या पुढच्या बाकाला तिकीट देऊन मागच्या बाकाकडे गेला. पहिल्यांदा त्यांनी दुर्लक्ष समजून सोडले. दुसऱ्यांदा त्या जागेवरून उठल्या, धावत्या गाडीत दांड्यांना धरत त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, “एक अर्ध, वेल्हे.” तो दचकला. तिकीट हातात पडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीवर पाल, छताला हळू फिरणारा पंखा, लांब टेबलामागे समितीची तीन माणसे. मधले साहेब तरुण आणि काटेकोर होते, पण वाईट नव्हते. ते प्रत्येक दावेदाराला बसा म्हणत. कोपऱ्यातल्या संगणकावर मंदार होता. त्याने कुंदाताईंकडे दोन वर्षे टंकलेखन शिकले होते. रायबा, रत्ना आणि माळावरचे दहा-बारा जण भिंतीला टेकून बसले होते.

मंदारने ड्राइव्ह लावला. संगणकावरच्या विषाणूरक्षकाने लाल चौकट दाखवली.

“बाई, एक फोल्डर संशयास्पद दाखवतोय. पुसून टाकू?”

“हात लावू नकोस.”

“नियम आहे बाई. साहेब रागावतील.”

“रागावू देत. मिनिटाला तीस शब्दांचा तुझा दाखला साहेबांनी नाही, मी दिलाय. आणि ते सत्तावीस होते.”

भिंतीकडून कोणी तरी हसले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले, मग मंदारला म्हणाले की लाल चौकट बाजूला करून फक्त ऐकवा. मंदारने चौकट बंद केली.

रखमाजी बोलला. चिमाजी बोलला. साहेब टिपणे घेत होते. भामाबाई बोलली आणि पाण्याला खाली उतरावे लागे इथे थांबली. या खेपेस पुढे काही आले नाही. आवाजाबरोबर सरकणारी पडद्यावरची रेघ टोकाला जाऊन उभी राहिली.

साहेबांनी पेन ठेवले. जबाब खरे वाटतात, ते म्हणाले. पण तिघांनीही गुरे कुठे चारली ते सांगितले आहे. घरे कुठे होती ते सांगितलेले नाही. मूळ जागेवर आता वनीकरण झाले आहे. जुन्या चुलींची एक जरी नेमकी जागा कोणी सांगितली असती, तर मोजणीदार पाठवून खणून पाहता आले असते. राहत्या जागेचा दावा चराईवर मान्य करता येत नाही. त्यांना वाईट वाटत होते, ते दिसत होते.

रायबांनी डोळे मिटले. त्यांना स्वतःला त्या चुली ठाऊक नव्हत्या. ते जन्मले तेव्हा वस्ती आताच्या जागी सरकली होती.

पंखा फिरत होता.

पडद्यावरची रेघ पुढे सरकली.

मंदारचे दोन्ही हात मांडीवर होते.

“पान्याच्या वाटंला,” बाईचा आवाज आला, या वेळी अगदी स्वच्छ, तोंडासमोर बसल्यासारखा, “उंबराच्या खोडापासनं सूर्य मावळतो तिकडं वीस पावलं. तीन चुली हायती. मधल्या चुलीवर काळा दगुड. त्यो माजा.”

मग लहानसा खाकरा. मग वारा. मग तोही नाही.

खांडमाळावर कुंदाताई आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या.

मंदार वळून त्यांच्याकडे पाहत होता. दोन वर्षे त्याच आवाजाने त्याला उतारे घातले होते. त्याचे ओठ किंचित उघडले.

साहेब लिहीत होते. वीस पावले. तीन चुली. मग मान वर न करता त्यांनी विचारले, “ही चौथी साक्षीदार कोण? नाव?”

“कुंदा,” कुंदाताई म्हणाल्या.

“हयात आहे का? असली तर उलटतपासणीला समोर आणावी लागेल. माळावरची रहिवासी आहे हे सिद्ध करावं लागेल.”

रायबा उठून उभे राहिले. ते सगळे सांगून टाकणार होते, हे कुंदाताईंना कळले. एका शब्दाचे काम होते. भोरच्या अभ्यंकरांची मुलगी, वय एकसष्ट, जिवंत, माळाशी संबंध शून्य. आणि चौथा जबाब खोटा. मग चुली कोणी खणणार नव्हते.

त्यांनी रायबांना हाताने खाली बसवले.

“नाही,” त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या. “मयत.”

मंदारची बोटे कळफलकावर होती आणि हलत नव्हती.

“लिही,” त्या त्याला म्हणाल्या.

त्याने लिहिले.

आठ दिवसांनी मोजणीदार माळावर गेला. उंबराचे खोड सापडले. वीस पावलांवर, हातभर मातीखाली, तीन चुली निघाल्या आणि मधल्या चुलीवर दगड. ज्येष्ठ लागता लागता दावा मान्य झाल्याचा आदेश टपालाने दुकानाच्या पत्त्यावर आला. ड्राइव्ह पुराव्याच्या लखोट्यात बंद होऊन कचेरीतच राहिला. आदेशाच्या मागे साक्षीदारांची यादी होती. चार नावे, चारही नावांपुढे ‘मयत’.

दरम्यान भोरमध्ये कुंदाताईंच्या दुकानापुढे लोक येऊन थांबत, आत डोकावत आणि दुकान बंद दिसतंय म्हणून निघून जात. कुंदाताई खुर्चीतच असत. त्यांनी पेंटरकडून हातभर अक्षरांत ‘दुकान उघडे आहे’ अशी पाटी करून घेतली आणि दाराच्या मधोमध टांगली. कामाची वेळ त्यांनी एक तासाने वाढवली.

आदेश घेऊन माळावर या, असा रायबांनी निरोप धाडला. वेल्ह्यापासून पुढची चढण त्या पायी चढल्या. रायबा दोन पावले पुढे चालत होते. वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

वस्ती शांत होती. भर दुपार असून एकाही घरातून धूर येत नव्हता. रत्नाने सांगितले, आणि तेही कुंदाताईंकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावे तसे, की आज या पानापुरती पेटवली तेवढी सोडली, तर आदेश झाल्यापासून तीन दिवस माळावर चूल पेटलेली नाही. मग तिने घरामागच्या एका सपाट कातळावर पाणी शिंपडले, त्यावर पळसाचे पान ठेवले. पानावर दूध-भाकर होती, भाताचा एक मुटका होता आणि थोडे दही. पान दक्षिणेकडे मांडलेले होते. ते मांडून रत्ना उलट्या पावलांनी मागे गेली. बावीस घरांची माणसे, म्हातारी, पोरे, कडेवरची लेकरे, वीस पावलांवर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांनी हात जोडले.

कुंदाताई याज्ञिकाच्या घरात वाढल्या होत्या. हे काय चालले आहे आणि ही माणसे कशाची वाट पाहत आहेत, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. नदीच्या घाटावर लहानपणी त्यांनी पिंडापुढे अशी ताटकळलेली माणसे शेकड्यांनी पाहिली होती. पानाला स्पर्श न करता त्या उतरून जाऊ शकत होत्या. मग ही माणसे अशीच उभी राहिली असती, उद्याही, परवाही, उपाशी.

त्यांनी आदेशाचा कागद कातळावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर आपली पिशवी ठेवली. पदर खोचला. पूर्वेकडे तोंड होईल असे पान स्वतःच्या हाताने फिरवून घेतले, मांडी घालून ताठ बसल्या, आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला. भाकर चांगली होती. दुधात मीठ किंवा गूळ काहीच नव्हते. थोडा गूळ हवा होता, असे त्या मोठ्याने म्हणाल्या.

कोणी गूळ आणला नाही.

मागे खूप वेळ कोंडलेला श्वास एकदम सुटल्यासारखा आवाज झाला. रायबा हलक्या स्वरात म्हणाले, “शिवली.”

माणसे पांगली, आणि माळावरच्या बावीस घरांतून जेवणाची भांडी वाजू लागली.